शिक्का नसलेली अंडी

नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळात नीना कारखानीस हे नाव कुणी सहसा घेत नाही. अंडा-कॉफीवाल्या काकू म्हटलं की पुरतं. नवरा अंबरीश हॉस्पिटलात डॉक्टर, मुलगी देविका लग्न होऊन एडिंबराला. रिकामं घर खायला उठलं, तेव्हा काकूंनी हान नावाच्या व्हिएतनामी मैत्रिणीच्या कॅफेत काम धरलं. हान मूळची हनोईची. तिथली कॉफी तिने काकूंना शिकवली. अंड्याचा पिवळा बलक आणि कंडेन्स्ड मिल्क फिकट, जाड फेस होईपर्यंत फेटायचं आणि तो फेस कडक काळ्या कॉफीवर अलगद सोडायचा. कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवायचा, म्हणजे शेवटच्या घोटापर्यंत ऊब राहते.

कुणाचे आईवडील पुण्यामुंबईहून आले, की किल्ला, शेरवुडचं जंगल आणि काकूंची कॉफी असा दौरा ठरलेला.

"कॉफीत अंडं? त्यापेक्षा ऑम्लेट खाऊन वर चहा प्यायलो असतो की," असं म्हणणारे मंडळातले पद्माकरराव वरचा सगळा फेस श्रीखंडासारखा चमच्याने चाटूनपुसून खात आणि खालची कडू कॉफी बायकोकडे सरकवत. नागपूरच्या एक बाई नाकाला पदर लावून बसल्या आणि दुसरा कप मागवूनच उठल्या. कुणी वास शोधे, कुणी आधी नवऱ्याला प्यायला लावून त्याच्या तोंडाकडे बघत बसे. काकू काउंटरमागून हे सगळं मजेत पाहत. मात्र कप अर्धा राहिला, तर त्यांचा जीव खाली-वर होई. पंगतीत "नको, नको" म्हणणाऱ्याच्या पानात हटकून जिलबी वाढणाऱ्या आईची ती लेक. आग्रहाशिवाय वाढणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

हानचा एक नियम होता. या कॉफीतलं अंडं शिजत नाही, म्हणून कवचावर लाल सिंहाचा शिक्का असलेलंच अंडं वापरायचं. त्या कोंबड्यांना पोट बिघडवणाऱ्या जंतूंवरची लस टोचलेली असते. शिक्क्याची अंडी संपली की ती कॉफी त्या दिवसापुरती बंद.

मार्चमधल्या एका शनिवारी युनिव्हर्सिटी बघायला आलेल्या पोरांनी आणि त्यांच्या पालकांनी कॅफे भरून गेला, आणि दुपारीच अंडी संपली. काकूंनी फळ्यावरचं कॉफीचं नाव पुसलं. हान सामान आणायला बाहेर गेली. तेवढ्यात दारातून प्रणव आणि श्रद्धा आत आले.

प्रणव हा काकूंचा पुतण्या, रीडिंग शहरात सॉफ्टवेअरमध्ये. श्रद्धा त्याची बायको. दोघं वीकेंडला काकूंकडेच राहायला आली होती. गेल्या वर्षी श्रद्धाला दिवस गेले होते. पेढे वाटून झाले, फोनवर अभिनंदनं झाली आणि मग ते राहिलं नाही. त्यानंतर पोरगी मिटूनच गेली होती. आज तिच्या चेहऱ्यावर जरा तकाकी दिसली आणि काकूंना भरून आलं.

"काकू, तुझी ती फेमस कॉफी," प्रणव म्हणाला.

फळा पुसलेला होता. पण घरची माणसं! त्यांना काय "संपली" म्हणून सांगायचं? काकूंना आठवलं, शेजारच्या म्हाताऱ्याने सकाळीच आपल्या मळ्यातल्या कोंबड्यांची अंडी दिली होती. ती त्यांच्या पिशवीतच होती. शिक्का कुठला असणार? पण बलक कसे, अगदी केशरी! काकूंनी आणखी विचार केला नाही. फेस असा चढला की हानलाही हेवा वाटला असता.

"काकू, मला आज नको," श्रद्धा म्हणाली. "ॲसिडिटी होतेय."

"ॲसिडिटी कसली या वयात? घे मुकाट्याने."

"खरंच नको हो काकू. चहा द्या ना त्यापेक्षा."

"चहा काय, रीडिंगला मिळत नाही? माझ्या हातची नाकारायची नाही हं. एवढ्या प्रेमाने फेटलीय."

श्रद्धाने प्रणवकडे पाहिलं. प्रणवने खांदे उडवले. तिने कप उचलला. काकू समोर कंबरेवर हात ठेवून उभ्याच होत्या. कप रिकामा झाला, तेव्हाच त्या हलल्या.

मग त्यांनी पिकलेल्या पपईच्या फोडी आणल्या. बशी पुढे केली आणि श्रद्धाने हात झटकन मागे घेतला, चटका बसावा तसा.

"तिला पपई आवडत नाही," प्रणव घाईघाईने म्हणाला.

काकू बशी धरून तशाच उभ्या राहिल्या. मागच्या उन्हाळ्यात हीच श्रद्धा त्यांच्या बागेत बसून अख्खी पपई संपवत होती. पपईला मराठी मुलगी अशी दचकते, ती एकाच कारणाने. तीन महिने होईतो सांगायचं नसतं. काकूंनीही देविकाच्या वेळी सांगितलं नव्हतं. म्हणून ती ॲसिडिटी आणि म्हणूनच तो गुमान प्यायलेला कप. आणखी नाही म्हणाली असती, तर काकूंनी खोदखोदून विचारलं असतं.

काकू आनंदाने तोंड उघडणार, तोच नजर मागे गेली. काउंटरवर कवचं पडली होती. काकूंनी एक उचलून उलटसुलट पाहिलं. स्वच्छ, तपकिरी, कोरं.

घरी गेल्यावर त्यांनी अंबरीशना स्वयंपाकघरात गाठलं आणि दार लावून घेतलं.

"अहो, कच्च्या अंड्याने काय होतं? दिवस गेलेल्या बाईला?"

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "बहुधा काहीच होणार नाही," ते म्हणाले. "पण झालंच, तर ताप, जुलाब, उलट्या. दोन-तीन दिवसांत कळेल. ताप चढला, तर मात्र घरी बसायचं नाही."

"म्हणजे मी सांगायचं त्यांना?"

"नीना, तिला माहीतच नसेल, तर ती ताप अंगावर काढेल."

बाहेरच्या खोलीत श्रद्धा कशावरून तरी हसली. वर्षभरात काकूंनी ते हसू ऐकलं नव्हतं. सांगितलं तर ते आपल्याच हाताने पुसायचं. नाही सांगितलं तर? गेल्या वेळी फोनवर आलेलं श्रद्धाचं रडणं काकूंच्या कानात अजून होतं. त्या वेळी कुणाचाच दोष नव्हता. या वेळी असेल, आणि कुणाचा ते त्यांना ठाऊक होतं.

त्या श्रद्धाजवळ जाऊन बसल्या.

"श्रद्धा, मला कळलंय. पपईवरून. कुणाला सांगणार नाही मी. पण आज जी अंडी घातली ना, त्यांच्यावर शिक्का नव्हता गं. संपली होती आमची. मी तरीही घातली."

श्रद्धाचं हसू तिथल्या तिथे विरलं. हात पोटाशी गेला.

"शिक्क्याची चालतात, असं मिडवाइफ म्हणाली होती," ती हळूच म्हणाली. "मी म्हटलं, कॅफेत तीच असणार. म्हणून प्यायले."

"काकू, ती दोनदा नको म्हणाली होती!" प्रणवचा आवाज चढला. "काय गरज होती एवढ्या आग्रहाची?"

डॉक्टरांनी दोघांना काय बघायचं, कधी फोन करायचा, ते समजावून सांगितलं. रविवारी जेवायला न थांबताच दोघं निघाली. जाताना श्रद्धा वाकून नमस्कार करायला विसरली, की तिने केला नाही, हे काकूंनी स्वतःला विचारलं नाही.

सोमवारी प्रणवचा मेसेज आला, "उलट्या होतायत." काकूंनी हातातलं काम टाकलं. फोन केला तर श्रद्धाच बोलली. "काकू, उलट्या मला रोजच होतात. पण आजच्या कुठल्या, ते कसं ओळखायचं?" ताप नव्हता. संध्याकाळी नव्हता. मंगळवारीही नव्हता. काकू कॅफेत फेस फेटत आणि फोन वाजला की फेटणं अर्धं टाकून धावत. हानला त्यांनी सगळं सांगितलं होतं. ती चिडली नाही, रागे भरली नाही. उरलेली अंडी तिने निमूटपणे कचऱ्यात टाकली, भांडी पुन्हा उकळत्या पाण्याने धुतली आणि दोन दिवस कामापुरतंच बोलली. ते काकूंना जास्त लागलं.

ताप आलाच नाही. आठवडा सरला तशा दोन्हीकडच्या मेसेजांतल्या ओळी लांब होत गेल्या.

जुलैत श्रद्धा कॅफेत आली, आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. काकूंनी तिच्यापुढे चहा ठेवला.

"कॉफी नाही विचारलीत?"

"हवी असेल तर सांगशील. मी आता कुणाला आग्रह करत नाही."

"दारातच पद्माकरकाका भेटले. म्हणतात, नीनाबाईंच्या कॉफीत आता आग्रहच नसतो, गोडी गेली." श्रद्धा हसली. "द्या एक. पण आधी शिक्का दाखवा."

काकूंनी अंडं तिच्या तळहातावर ठेवलं. श्रद्धाने लाल सिंह नीट निरखला आणि अंडं परत दिलं. मग ती कॉफी प्यायली, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. काकू पूर्वीसारख्या कंबरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या नाहीत. पाठ करून बशा पुसत राहिल्या.

श्रद्धा रीडिंगला पोचते न पोचते, तोच तिचा फोन वाजला.

"ताप नाही ना गं?" काकूंनी विचारलं.