मानेवरची गाठ

९ मे २००६. कुरडयांचा दिवस. गहू तीन दिवस भिजवलेले, चीक पहाटेच शिजवून तयार. शिजवलेला चीक कोणासाठी थांबत नाही आणि शेजारच्या बायका गच्चीवर सोऱ्या घेऊन हजरही झाल्या होत्या. नाहीतर मी त्या दिवशी कोणासमोर गेले नसते.

माझ्या मानेवर आवळ्याएवढी गाठ आली होती. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू करून चौथा महिना चालू होता. नवरा याच आजाराने गेला, पण कॉलनीत आम्ही कावीळ सांगितली होती. खरं फक्त नणंदेला माहीत.

"एवढ्या उकाड्यात पदर काय घट्ट धरलाय गं?" शेजारीण म्हणाली. "सासरा बसलाय का टाकीवर?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण सोऱ्या फिरवायला दोन्ही हात लागतात. पदर सरकला.

"अगंबाई, गालगुंड! लेप लाव, बसेल दोन दिवसांत."

"हो ना, गालगुंडच," मी म्हटलं. पाठीवरून घाम ओघळत होता, तो उन्हाचा नव्हता.

खाली स्वयंपाकघरात नणंदेने मला गाठलं. "वहिनी, गोळ्यांच्या आधी ही गाठ होती? नव्हती. बंद कर त्या. तू आडवी पडलीस तर पोरीला कोण बघणार?"

माझ्याही मनात तेच होतं. सकाळची गोळी घेतली होती. संध्याकाळची घेईन की नाही, हे मला माहीत नव्हतं.

दुपारी सरकारी दवाखान्यात गेले. आठवड्यापूर्वी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. शरीरातल्या रोगाशी लढणाऱ्या बाकीच्या पेशींना कामाला लावणाऱ्या मदतनीस पेशी हा विषाणू मारतो. निरोगी माणसाच्या मोजणीत त्या पाचशेच्या वर भरतात, औषधं सुरू करताना माझ्या चौऱ्याण्णव भरल्या होत्या. आता पन्नासही नसतील, असं धरून मी बाकावर बसले होते.

"दोनशे अकरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छान वाढल्या."

"मग ही गाठ?"

"टीबीची दिसतेय. जंतू आधीपासूनच आत असणार. पण पेशीच नव्हत्या, तर सूज कोण आणणार? आता त्या परत आल्यात, त्यांनी जंतू ओळखलाय. शुक्रवारी सुई घालून तपासू. पण तुमच्या गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत."

"म्हणजे बरं होतंय म्हणून सुजलंय?"

"हो. आणि अजून थोडं सुजेल कदाचित."

या शेवटच्या वाक्याने मी जास्त घाबरले. रिपोर्ट चांगला आणि मान सुजत चाललेली, यातलं खरं कोणतं मानायचं?

"डॉक्टरांचं काय जातंय?" घरी सगळं ऐकून नणंद म्हणाली. संध्याकाळची गोळी तिच्यासमोरच घेतली. शेजारणीने तेवढ्यात वाटीभर लेप पाठवला.

सकाळी हात लावून पाहिलं. गाठ बसली नव्हती, उलट मोठीच लागली. पुन्हा हात लावला नाही. गोळी घेतली. मग शेजारणीचा लेप गाठीवर चांगला जाड थापला, सगळ्यांना दिसेल असा, आणि कुरडया उलटायला गच्चीवर गेले.