पडद्यामागची घाण

शैला धारूरकर तारघरात नोकरीला होत्या आणि संध्याकाळी गोदा रंगमंदिरात नाटक करायच्या. पैठण, करमाडहून माणसं एसटीनं तिथं प्रयोगाला येत. मुलीनं तोंडाला रंग लावणं म्हणजे घराण्याला बट्टा, असं मानणाऱ्या घरांनीही ‘शैलाताई आहेत ना’ म्हणून मुली पाठवल्या.

पुढं नाट्यगृह लग्नांना आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना मिळू लागलं.

नाट्यस्पर्धेच्या दिवशी शैलाताई मुलींना घेऊन रंगपटात शिरल्या आणि त्यांनी पदर नाकाला लावला. बेसिनमध्ये लग्नातला वरणभात आंबला होता. आरशावर गुटख्याच्या पिचकाऱ्या होत्या. संडास तुंबून पाणी उंबऱ्याबाहेर आलेलं, त्यात नाटकाच्या साड्यांची पेटी. मुलींतली सगळ्यात धाकटी कालिंदी तिथंच ओकली.

शैलाताईंनी व्यवस्थापक बद्रीनाथला बोलावलं. तो दारातूनच म्हणाला, “म्याडम, लोकायला थोडंच दिसतंय? पडद्यापुढं सगळं चकाचक हाय. लई बोभाटा करू नका.”

शैलाताई रंगमंचावर गेल्या. पहिल्या रांगेत रंगमंदिर समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब हार घालून बसले होते.

“आज नाटक होणार नाही,” त्या म्हणाल्या. “आमच्या मुली कुठं कपडे बदलतात, ते एकेकानं मागं येऊन बघा.”

आधी हशा पिकला. मग करमाडच्या आवडाबाई उठल्या. त्या नाक दाबून परतल्या तशा रांगाच्या रांगा मागं गेल्या. तात्यासाहेब मात्र रुमाल तोंडावर धरून सरळ गाडीत जाऊन बसले.

पुढच्याच आठवड्यात दुरुस्तीच्या नावाखाली रंगमंदिराला कुलूप लागलं, ते चार वर्षं निघालं नाही. त्यांच्या नाट्यमंडळातले लोक शैलाताईंना बोल लावू लागले. घाण होती, पण हक्काची जागा तरी होती, असं त्यांचं म्हणणं. त्या रात्री नाक दाबणारेच हे बोलत होते, याची शैलाताईंना जास्त किळस आली. मुलींच्या तालमी त्यांनी घरच्या गच्चीवर चालू ठेवल्या.

कुलूप निघालं तेव्हा शैलाताईंच्या सत्काराचं आमंत्रण आलं. त्या गेल्या नाहीत. त्या दिवशी कालिंदीनं तिथं पहिल्यांदा मोठी भूमिका केली आणि प्रयोग संपताच ती शैलाताईंच्या घरी आली, तेव्हा त्या जेवायला बसल्या होत्या. मागची खोली स्वच्छ आहे, नळाला पाणी आहे, असं तिनं सांगितलं. शैलाताईंना बरं वाटलं.

मग कालिंदी चाचरत म्हणाली, “तात्यासाहेब भाषणात म्हणाले, मुलींचे हाल त्यांना बघवत नव्हते, म्हणून हे सगळं त्यांनीच करवून घेतलं.”

“आणि लोक?”

“टाळ्या वाजवत होते.”

शैलाताईंनी समोरचं ताट बाजूला सारलं.