विद्यावहिनींचं जोडवं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी पोटदुखीपासून सगळं सांगत असतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही विद्यावहिनींना ओळखत नाही, म्हणून असेल.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. आम्ही शारजात राहायचो. समोरच्या फ्लॅटमध्ये सुधीर, विद्यावहिनी आणि त्यांचा छोटा निखिल. सुधीर माझ्याच कंपनीत. मला तेव्हा एक नाद लागला होता. नोकरी सोडून मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून मी मेटल डिटेक्टर घेतला होता, आणि शुक्रवारी सकाळी ममझरच्या बीचवर तो फिरवत बसायचो. बाटल्यांची झाकणं, चिल्लर, क्वचित एखादी चांदीची अंगठी. खाऱ्या पाण्यानं काळी पडलेली चांदी घरी आणून उजळायची, वाकलेली असेल तर सरळ करायची, मग ऐटीत चारचौघांना दाखवायची. ऐट — हो, मुद्दा तोच आहे.

एका सहलीत त्याच बीचवर वहिनींच्या पायातलं जोडवं पडलं. आणि त्याच आठवड्यात सुधीरला हार्ट अटॅक आला. आयसीयूच्या बाहेर वहिनींनी माझा हात घट्ट धरला. "भाऊजी, तुमच्याकडे मशीन आहे ना? प्लीज शोधा. ते परत पायात आलं ना, की मला धीर येईल." माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण प्रश्न माझ्या विश्वासाचा होता का?

शुक्रवारी ते सापडलं.

हो, सापडलं. काळंठिक्कर, कुणाच्या तरी पायाखाली चेपलेलं. पण त्यांचंच. बाळंतपणात बोटं सुजली तेव्हा सोनारानं ते कापून, तुकडा घालून झाळलं होतं. ती खूण त्यांनीच मला सांगितली होती. तसंच उचलून हॉस्पिटलमध्ये न्यायला काय झालं होतं? पण असं वेडंवाकडं द्यायचं? मी ठरवलं, नव्यासारखं करून त्यांच्या हातावर ठेवू. त्यांचा चेहरा कसा फुलेल, तेही मी मनातल्या मनात बघून घेतलं.

फॉइल, सोडा, गरम पाणी. मग रांगोळीनं घासलं. लख्ख निघालं. मग लाटण्याच्या टोकावर चढवून गोल करायला गेलो — आणि झाळलेल्या जागी ते तडकलं.

शनिवारी दुपारी ऑफिसात वहिनींचा फोन आला. "काही सापडलं का, भाऊजी?"

जोडवं माझ्या खिशात होतं. संध्याकाळी दुबईला, देऱ्यातल्या चांदीवाल्याकडे न्यायचं होतं. आणि मी म्हणालो — नाही, वहिनी. अजून नाही. बघतोय.

का म्हणालो? तडकलेलं दाखवायची लाज वाटली. एवढंच. याहून बरं कारण इतक्या वर्षांत मला मिळालेलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "मिळेल, इन्शाल्ला."

रविवारी पहाटे सुधीर गेला.

सोमवारी जोडवं तयार होऊन आलं. सांधा शोधूनही दिसेना, इतकं सुंदर काम. आता ते द्यायचं कसं? नवरा नुकताच गेलेल्या बाईच्या हातात जोडवं ठेवायचं? पण एक वाक्य तर सांगता आलं असतं ना — वहिनी, सुधीर होता तेव्हाच ते सापडलं होतं. जोडवं हरवलं म्हणून काही झालेलं नाही. नाही सांगितलं. कारण मग शनिवारचा फोन उघडा पडला असता.

वहिनी शारजातच राहिल्या, शाळेत नोकरी धरली, एकटीनं मुलाला वाढवलं. निखिल बारावी झाला तेव्हा त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. सुधीरच्या फोटोपुढे पेढा ठेवताना त्यांना रडू आलं. "मी तेव्हा वेंधळेपणा केला नसता, तर आज तुझे बाबा इथे असते रे."

"मॉम, प्लीज. हाऊ इज दॅट युअर फॉल्ट?"

"विचार काकांना. सगळा बीच पालथा घातला त्यांनी माझ्यासाठी. नाहीच मिळालं. तेव्हाच मला कळलं होतं."

निखिल माझ्याकडे बघत होता. मी काहीतरी शहाण्यासारखं बोलेन आणि आईची समजूत घालेन, या आशेनं बघत होता.

"हो रे," मी म्हणालो. "खूप शोधलं."