लवंगेची बाटली

तापातून उठलो, पण वास गेला तो गेलाच. मी चाकणला मशीन चालवतो. गुरुवारच्या सुट्टीत मशीन थंड ठेवणारं कूलंटचं पाणी टाकीत सडायचं. शुक्रवारी सगळे नाकाला रुमाल लावायचे आणि मी मख्खासारखा टाकीवर वाकून उभा. डॉक्टरांनी रोज लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी हुंगायला सांगितलं. मी डोळे मिटून वास आठवायचा, बायकोनं एकेक बाटली नाकाखाली धरायची. सहा महिने झाले. कसला डोंबलाचा वास! शेवटी तिला बरं वाटावं म्हणून लवंगेच्या वेळी म्हणालो, "येतोय गं थोडा." डोळे उघडले, तर बाटली रिकामी.

"लवंगा मागच्याच आठवड्यात भातात घातल्या," ती म्हणाली, आणि लिंबाची बाटली उचलली.