घोंगड्यातला कॉम्प्युटर

माझ्या गाडीतला कॉम्प्युटर गेल्या एप्रिलात तापून तापून बंद पडायला लागला, आणि का ते मला काही केल्या कळेना. गाडीत कॉम्प्युटर कशाला, असं सगळेच विचारतात, म्हणून आधी तेच सांगून टाकते. इंदापुरात ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकानं पायलीला पन्नास. त्यात आणखी मला कोण विचारणार? म्हणून जुन्या व्हॅनची मधली सीट काढली, तिथं टेबल ठोकलं, त्यावर कॉम्प्युटर पट्ट्यांनी आवळला, खाली बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवला. ज्याला चालवत नाही त्याच्या दारात मी जाते. अंगठा घ्यायच्या यंत्राची वायर चांगली लांब घेतलीय. गाडी अंगणात आणि माणूस खाटेवर, तरी काम होतं.

उन्हाळा लागला तसं माझ्या सासऱ्यांनी, त्यांना आम्ही आबा म्हणतो, ट्रंकेतून काळं घोंगडं काढलं आणि स्वतःच्या हातानं कॉम्प्युटरला पांघरलं. स्क्रीन तेवढी उघडी ठेवली. आबांनी निम्मं आयुष्य मेंढरांमागं काढलंय. आता वरकुट्याला, आमच्या गावी, मेंढरं नाहीत, ऊस आहे, पण घोंगड्यावरची श्रद्धा जागच्या जागी.

"वैशाखात बी आमी ह्येच अंगावर घेऊन चालायचो," ते म्हणाले. "भाईरचं ऊन आत येऊ देत न्हाय त्ये."

यात खोटं काही नाही. मी स्वतः ते पांघरून उन्हात उभी राहिलेय, खरंच बरं वाटतं. शिवाय धुळीपासून राखण. मी म्हटलं, बरं झालं.

त्याच आठवड्यात पळसदेवच्या एका म्हातारीचं काम आलं. नवरा सरकारी नोकरीत होता, तो गेल्यावर पेन्शन तिला. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण जिवंत आहोत हे अंगठा ठेवून सांगायचं. नोव्हेंबरात आज्जी खुबा मोडून दवाखान्यात पडलेल्या. दाखला राहिला, पेन्शन थांबली. मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, पण तिथं डोळे मिचकवायला लागतात, आणि मोतीबिंदूमुळं आज्जींचे डोळे फोनला पटेनात. राहिला अंगठा.

उजनी धरणाचं पाणी उतरून त्यात बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलेलं, बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांनी रस्ता अडलेला. मी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर. गाडी अंगणात लावली, कॉम्प्युटर चालू केला, साइट उघडली, नंबर टाकले, खाटेवर यंत्र दिलं आणि म्हटलं, "दाबा आज्जी." त्यांनी अंगठा दाबला आणि स्क्रीन काळी! थोडं थांबून परत चालू केलं. परत अंगठ्यापर्यंत आलं आणि काळं. तिसऱ्यांदाही तेच.

"पोरी," आज्जी म्हणाल्या, "माझा हात लागला की इझतंय बघ त्ये."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी हात पदराखाली घेतला.

मी तडक बारामतीला दुरुस्तीवाल्याकडं गेले. त्यानं कॉम्प्युटर खोलला, धूळ उडवली, आतल्या पंख्याला तेल दिलं आणि टेबलावर दिवसभर चालू ठेवला. एकदासुद्धा बंद पडला नाही. "ताई, ह्याला कायबी झालं न्हाय," म्हणाला. माझी मती गुंग. दुकानात शहाणा आणि गाडीत वेडा, असा कसा हा?

घरी आल्यावर आबांनी त्याला परत नीट पांघरलं. मी गाडीच्या टपावर ओली पोती टाकली, काचांना पुठ्ठे लावले, बाटल्यांत बर्फ करून टेबलाखाली ठेवला. माठाचे असतील नसतील तेवढे लाड त्या व्हॅनचे केले. आणि दुसऱ्यांदा पळसदेवला गेले.

आज्जी यंत्राला हात लावेनात. त्यांच्या सुनेनं समजावलं, मी समजावलं, शेवटी त्यांनी भीत भीत अंगठा ठेवला. आणि पुन्हा काळं! माझ्या डोक्याचा भुगा झाला. बॅटरीच्या वायरी बघाव्यात म्हणून मी घोंगडं बाजूला सारलं, वायरी हलवल्या, चहा घेतला. परत चालू केलं तेव्हा आज्जी म्हणाल्या, "आता हिच्या बोटानं बघ." मीही येड्यासारखी सुनेच्या हातात यंत्र दिलं. चाचणीच्या पानावर तिचा अंगठा झक्क उमटला. कॉम्प्युटर मजेत चालू.

"बघितलंस?" आज्जी म्हणाल्या. एवढंच. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं आणि हात उशीखाली घातला. मी नाना परीनं सांगितलं, हा योगायोग आहे, मशीन आहे, त्याला काय कळतंय. पण मलाच काही कळत नव्हतं, तर बोलण्यात जोर कुठून येणार? आज्जी पेन्शनचं नावसुद्धा काढेनात. आपण हिला जिवंत असल्याचा दाखला द्यायला आलो आणि केलं काय!

घरी येऊन मी आबांसमोर चिडचिड केली. इतकी, की नंतर जीभ चावली. ते उठून गाडीत गेले, कॉम्प्युटर चालू करायला लावला आणि घोंगड्याखाली हात घालून बसले. मेंढराचा कान धरून ताप बघावा, तसा त्यांनी त्या डब्याचा कोपरा धरला होता.

"पोरी," थोड्या वेळानं ते म्हणाले, "ह्याला ऊन न्हाय लागलेलं. ह्याला ताप हाय. आतनं हाय."

"म्हंजे?"

"तापाच्या मेंढराला कुणी घोंगडं घालतं व्हय? मीच घातलं की गं." आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

मीही हात आत घातला. चुलीच्या तोंडाशी घालावा तसा भाजला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मी टप भिजवत होते, आणि कॉम्प्युटरची स्वतःची वाफ त्याच्याच अंगाभोवती कोंडत होती. अंगठ्यापर्यंत येईतो त्याचा दम संपायचा. बारामतीत तो उघडा होता म्हणून चालला, सुनेच्या वेळी घोंगडं सरलेलं होतं म्हणून. दोन आठवडे हे माझ्या नाकासमोर होतं.

घोंगडं आम्ही बाहेरून उन्हाच्या बाजूच्या काचेवर बांधलं. डब्याचं एक झाकण काढलं, समोर बॅटरीवरचा छोटा पंखा लावला, आणि मागचं दार सताड उघडं ठेवायचं ठरलं.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा आज्जी हातच बाहेर काढेनात. मी त्यांना कोंडलेल्या वाफेचं, तापाचं, आबांचं सगळं सांगितलं. "माझी चूक हुती आज्जी, तुमच्या हाताची न्हाय." त्यांना पटलं की नाही, कुणास ठाऊक. सुनेनं हात धरून यंत्रावर ठेवला. मी गाडीत श्वास धरून बसले. पंखा घरघरत होता. स्क्रीनवर हिरवी खूण आली.

"झालं! निघाला दाखला!" मी ओरडले.

"बंद न्हाय पडलं?"

"न्हाय पडलं."

आज्जी यंत्राकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मालक गेलं तवा पानी माझ्याच हातनं प्यालं. घोट घेतला अन् मान टाकली. तवापास्नं मला वाटतंय..."

सून जागच्या जागी थबकली. तिनंही हे कधी ऐकलं नव्हतं. एका घोंगड्यानं जिला दोन आठवडे चकवलं, ती मी त्यांना समजावणारी कुठली शहाणी! मी चाचणीचं पान उघडलं.

"आज्जी, आता दुसरं बोट ठेवा," म्हटलं.

कामाला त्याची काही गरज नव्हती. त्यांनी ठेवलं. "उमटलं," मी सांगितलं. मग मधलं ठेवलं. उमटलं. करंगळी. उमटली. मग दुसरा हात. दहाही बोटं झाली तशी त्यांनी पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली, आणि मी गाडीतून ओरडून सांगत राहिले, "उमटलं, आज्जी, उमटलं!"