अकरा दिवस

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलता यावं लागतं. दोन मजल्यांच्या मधे कोणी अडकलं की आधी दाराला कान लावायचा, नाव विचारायचं, "घाबरू नका, मी इथेच आहे" म्हणायचं आणि मगच पान्याला हात घालायचा. बावीस वर्षांत त्याने किती माणसं अशी बोलत बोलत बाहेर काढली, त्याला गणती नव्हती. सोबतचे चेष्टा करायचे, "याचा आवाज ऐकला की माणूस आतच डुलक्या घ्यायला लागतो."

घरी मात्र बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. ती एका दुकानासाठी पडदे शिवायची. त्यांना एकच मुलगा, ढब्बू. जन्मला तेव्हा गोलमटोल होता म्हणून ते नाव पडलं; सतराव्या वर्षी बांबूसारखा झाला तरी सुटलं नाही.

एका रविवारी दुपारी बापलेक गाडी धूत होते. ढब्बू मागच्या काचेवर फडकं फिरवत होता. काचेकडेच बघत तो म्हणाला, "बाबा, मला मुली आवडत नाहीत. म्हणजे, तशा नाही आवडत. मुलगे आवडतात. मला बरीच वर्षं माहितीय."

बापाच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. त्याच्या मनात एकच विचार आला. त्याने बोलावला नव्हता, आपणहून आला: हा झालाच नसता तर बरं झालं असतं.

"नळ बंद कर," तो म्हणाला. "पाणी वाया चाललंय."

ढब्बूने नळ बंद केला.

पुढचे दिवस दोघं एकाच टेबलावर जेवले. मीठ दे, फोन बाजूला ठेव, यापलीकडे बोलणं गेलं नाही. बाप मोठ्या बहिणीला फोन करून रडला. तिच्याशिवाय कोणाला सांगायची त्याला हिंमत नव्हती. कामावर, गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत, एकटा असताना तो वाक्यं जुळवायचा. 'हे बघ, तू आमचाच आहेस.' मोटरच्या घरघरीत ते बरं वाटायचं. घरी आलं की तो टीव्ही लावून बसायचा. पुढच्या रविवारी बोलू, असं त्याने ठरवलं. तो रविवारही गेला.

अकराव्या दिवशी ढब्बू डोकं दुखतंय म्हणून कॉलेजातून लवकर आला. संध्याकाळी अंगात ताप फणफणला, मान वळेना. दवाखान्यात नेईपर्यंत तो आईलाही ओळखत नव्हता. मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. बाप त्याच्या कानाशी वाकून ती सगळी जुळवलेली वाक्यं बोलला, एकदा, दोनदा, विसाव्यांदा. नर्सने हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ढब्बू गेला.

तीन आठवड्यांनी बहीण भेटायला आली. बायको स्वयंपाकघरात होती. बहिणीने आवाज खाली आणला.

"वाईट झालं रे. पण एका परीने सुटलास. उद्या लोकांना काय तोंड दाखवलं असतंस?"

ती त्याच्याच मनातलं बोलली होती.

बायको दारात उभी होती. तिचे हात ओले होते.

"ताई, तुमचा चहा झाला असेल तर निघा."

बहीण गेल्यावर ती त्याच्याकडे वळली. "म्हणजे त्याने तुम्हाला सांगितलं होतं?"

"तुला माहीत होतं?"

"वर्षभर. मीच त्याच्या मागे लागले होते, बाबांना सांग म्हणून. तो घाबरत होता. मी म्हटलं, परक्या माणसांना जपतात ते, तुला नाही का जपणार?" तिचा आवाज फाटला. "काय म्हणालात तुम्ही त्याला?"

त्याने सगळं सांगितलं. मनात आलेला तो विचारही सांगितला. नसता सांगितला तर चाललं असतं, पण त्याला आता एकट्याने ते ओझं पेलवेना. "मी मनात म्हटलं आणि तो गेला," तो म्हणाला. डॉक्टरांनी जंतूंचं नाव लिहून दिलं होतं, तो कागद त्याच्या खिशातच होता. त्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

ती ढब्बूच्या खोलीत गेली आणि आठ दिवस तिथेच झोपली. तो सकाळी कामाचे कपडे घालायचा आणि दारापाशी जाऊन परत बसायचा. भिंतीवर डोकं आपटावं असं वाटायचं, आणि एकदा आपटलंही. शेजाऱ्यांना वाटलं, खिळा ठोकतायत.

नवव्या दिवशी सकाळी ती बाहेर आली आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"तुमच्या मनात जे आलं ना, ते माझ्याही मनात आलं होतं. त्याने सांगितलं त्या दिवशी. अगदी तसंच."

त्याने मान वर केली.

"चार महिने मी त्याच्याशी नीट बोलले नाही. मग एक दिवस तो माझ्या शिलाई मशीनपाशी येऊन बसला, आणि मला वाटलं, हा तर माझाच ढब्बू आहे. मला वर्ष मिळालं. तुम्हाला अकरा दिवस."

तो ओक्साबोक्शी रडला. मूल रडतं तसा, नाक न पुसता. तिने त्याला जवळ घेतलं नाही, पण उठूनही गेली नाही.

"आता मी काय करू?" त्याने विचारलं.

"त्याच्यासाठी? काहीच नाही. ते राहिलं ते राहिलंच."

त्याने बहिणीला फोन लावला. "ताई, माझ्या मुलाला मुलगे आवडायचे आणि मला त्याची लाज नाही. तुला असेल तर आमच्या घरी येऊ नकोस." ती पुन्हा आली नाही.

तो कामावर जातो. मुलंबाळं किती, असं कोणी विचारलं की एक मुलगा होता म्हणतो, आणि कसा होता तेही सांगतो. काहीही लपवत नाही. ऐकणारे बहुधा विषय बदलतात. त्याला हलकं वाटत नाही. हे सगळं ज्याला सांगायचं होतं, तो ऐकायला नाही.