खुणेची तेवढी धरा

तिला सगळे सुईबाई म्हणत. शिवणाशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. नवऱ्याच्या सदऱ्याचं तुटकं बटण महिनामहिना लोंबत असे. पण तिच्या केसांत, बाह्यांवर, कधी चहाच्या कपातसुद्धा पाइनच्या झाडाच्या वाळक्या सुया सापडत, म्हणून ते नाव पडलं. एकदा कोणी परगावचा माणूस फाटकी पिशवी शिवून घ्यायला दारात आला. पिशवी काही शिवून मिळाली नाही, पण सुईबाईनं त्याला झाडं दाखवायला नेलं. बिचारा ऊन उतरल्यावर सुटला.

वडिलांच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा सपाट तुकडा भावानं ठेवला आणि डोंगरउतार हिच्याकडे सरकवला. वर म्हणाला, "तू कुठं नांगर धरणार आहेस, ताई?" तिनं दुसऱ्या वर्षी रोपवाटिकेतून पाइनची बोटभर रोपं आणली आणि त्या दगडांत एकेक खड्डा खणून लावली. उन्हाळ्यात कमरेएवढं गवत त्यांच्यावर चढे, ते ती प्रत्येक रोपाभोवती विळ्यानं कापी. वणवा आत शिरू नये म्हणून कडेनं रुंद पट्टा खरवडून मोकळा ठेवी. भाऊ बांधावरून बघून हसे. पाइनला चीडही म्हणतात हे त्याला कुठून तरी कळलं होतं. म्हणायचा, "रानभर चीडच लावलीय हिनं, मेहुण्यांचं कसं व्हायचं!"

मेहुणे, म्हणजे सुईबाईचा नवरा, पोस्टमन होते. साधा, सरळ, पायानं दणकट माणूस. उभा जन्म दुसऱ्यांचे निरोप वाहण्यात गेला आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "एकाही पाकिटात डोकावलो नाही," ते सांगत. "कुणाकडे बारसं, कुणाकडे मयत, मला काय करायचंय? द्यायचं आणि पुढे व्हायचं." घरातही तीच रीत. संध्याकाळी जेवताना सुईबाई सांगे, "अहो, खालच्या रांगेतली सगळी धरली." म्हणजे रोपांनी मूळ धरलं. ते म्हणत, "हं." पुढच्या वर्षी ती सांगे, "दुष्काळातही कोपऱ्यातल्यानं धरून ठेवलं बघा." ते म्हणत, "वा." आणि आमटी वाढून घेत. धरणं हा तिचा आवडता शब्द होता. झाडाबद्दल त्याहून मोठं कौतुक तिच्याकडे नव्हतं.

झाडं वाढली तशी ती लांब दांड्याची करवत घेऊन खालच्या फांद्या उतरवू लागली. फांदी खोडाला लागून कापायची, खुंटी मागे ठेवायची नाही. नाहीतर पुढे फळीत गाठ येते. हातांना राळ लागे, ती रॉकेलनं निघे, पण वास निघत नसे. रात्री पोस्टमन कूस बदलून झोपत.

दाटी झाली तेव्हा पहिली विरळणी तिनं स्वतः केली. मनगटाएवढी झाडं होती, हातकरवतीनं पडली. त्या वेळी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली: जे पाडायचं त्याच्यावर खूण करताना तिचा हात उठत नव्हता. मग तिनं उलटं केलं. जे ठेवायचं त्याच्यावर पांढरा पट्टा ओढायचा. शेजारणीला म्हणाली, "जगायचंय त्याला शाबासकी द्यावी. जायचंय त्याला आधीपासून कशाला कळवा?"

झाड मोजायला तिच्याकडे टेप नव्हता, स्वतःचे हात होते. खोडाला मिठी मारायची आणि पलीकडे बोटं भेटतात का बघायचं. सगळ्यांत सरळ, सगळ्यांत जोमदार झाडांपाशी तिची बोटं आता जेमतेम टेकत होती. भोवतालची कुबडी आणि दोन शेंडे फुटलेली दुबेळकी झाडं काढली की या झाडांना ऊन मिळणार होतं. मग एक दिवस ती कवेत मावणार नव्हती. सुईबाईला आयुष्यात एवढंच बघायचं होतं. आपण बोटभर लावलेलं काहीतरी आपल्या कवेत मावेनासं झालेलं.

दुसऱ्या विरळणीसाठी पांढरे पट्टे ओढून झाले आणि उतरताना सुयांच्या थरावरून पाय घसरला. घोटा मोडला. प्लास्टर घालून ती खिडकीशी खाटेवर पडली, आणि नेमका त्याच आठवड्यात करवतवाला आला. गावात नेहमी झाडं पाडणारा म्हातारा थकला होता, म्हणून हा त्याच्याऐवजी आलेला, मशीनच्या करवतीचा. त्याला दुसरीकडेही कामं होती, थांबायला वेळ नव्हता.

"अहो," सुईबाई म्हणाली, "तुम्ही जा वर. त्याला सांगा, खुणेची तेवढी धरा. एवढंच. म्हणून दाखवा बघू."

"खुणेची तेवढी धरा," पोस्टमन म्हणाले. "अगं, रजिस्टर पत्रं पोचवलीत मी."

ते गेले, निरोप दिला, आले.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बरं."

मग टेकाडाच्या पलीकडून करवतीचा आवाज सुरू झाला. खिडकीतून तिला टेकाडच दिसे, रान दिसत नसे. ती डोळे मिटून ऐकत राहिली. एकेक झाड पडे तसं तिला मनात ऊन पसरलेलं दिसे. फक्त आवाज जरा लांबत होता. बारकं झाड करवतीखाली क्षणात सुटतं, हा आवाज मात्र घुरघुरत राही.

"याच्या करवतीच्या साखळीला धार नाही," ती म्हणाली.

"सांगून येऊ?"

"राहू द्या. त्याची साखळी, तो बघेल."

तिसऱ्या दिवशी लाकडांनी भरलेला ट्रक घरासमोरच्या रस्त्यावरून उतरला. सुईबाईनं मान उचलली. ओंडक्यांवर पांढरे पट्टे होते. एकावर नाही, दोनांवर नाही. सगळ्या खोडांच्या बुडाशी तिनं स्वतः ओढलेला पट्टा, तिच्या कुंचल्याचा डावीकडे निसटलेला फराटासुद्धा तसाच.

तिनं खिडकीचे गज तांब्यानं बडवले. तांब्याला पोचा आला. ट्रक थांबला आणि करवतवाला घाम पुसत दाराशी आला.

"काय झालं, काकू?"

"खुणेची का पाडलीस?"

"म्हणजे? काकांनीच सांगितलं, खुणेची तेवढी धरा. धरली. आम्ही रोज म्हणतो, आज ही रांग धरू, उद्या ती धरू, म्हणजे पाडायला घेऊ. आणि खूण कुणी ठेवायच्या झाडावर करतं का, काकू? मलाही वाटलं हो, चांगली झाडं का काढताहेत. काकांना विचारलंसुद्धा."

सुईबाईनं नवऱ्याकडे पाहिलं.

"विचारलं होतं त्यानं?"

"हो, म्हणजे..." पोस्टमन दाराच्या कडीशी चाळा करू लागले. "म्हणाला, नक्की ना? मी म्हटलं, बाबा रे, शब्द न शब्द हाच आहे. मी माझ्या पदरचं काही घालत नाही."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं? धरणं म्हणजे काय ते?"

"तुझ्या झाडांचं मला काय कळतंय?"

"रोज सांगत होते. जेवताना."

त्यांनी कडी सोडली. खोटं बोलायची सवय नव्हती, नाहीतर काहीतरी म्हणाले असते.

"मी ऐकत होतो की," शेवटी म्हणाले.

करवतवाला भला होता. म्हणाला, "काकू, उरलेल्यांना हात लावत नाही मी." त्याचं हे बोलणं सगळ्यांत जास्त लागलं. ती म्हणाली, "जा बाबा. तुझी काही चूक नाही." आणि भिंतीकडे तोंड करून पडली. बातमी कळल्यावर भाऊ येऊन गेला. या वेळी त्यानं विनोद केला नाही, आणि तिला ते विनोदापेक्षा वाईट वाटलं.

प्लास्टर निघाल्यावर काठी टेकत ती वर गेली. पोस्टमन मागून येत होते. तिनं हातानंच थांबवलं. वर ऊन होतं, पाहिजे होतं तेवढं. ते वाकड्या, दुबेळक्या, किडक्या झाडांवर सांडलं होतं. आजवर ती थोरल्यांच्या आडोशानं उभी होती. मोकळा वारा लागताच त्यातली कितीतरी मुळासकट आडवी झाली होती. सुईबाईनं त्यांतल्या त्यात बऱ्या एका झाडाला मिठी मारली. पलीकडे बोटं भेटली, आणि एकमेकांवर चढलीसुद्धा. खाली कापलेल्या बुंध्यांवरची राळ अजून ओली होती. तिनं बोट लावलं नाही.

घरी आली तेव्हा पोस्टमननी चहा टाकला होता. लग्नानंतर प्रथमच. साखर जास्त झाली होती, तेही त्यांना कळत होतं. कप तिच्यापुढे करून ते म्हणाले, "धर."

सुईबाईनं हात पुढे केला नाही. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे काय करू?"

पोस्टमन कप हातात धरून उभे राहिले. बोटं भाजू लागली तरी त्यांनी तो सोडला नाही.